मानव विकास विषयाची पदवी: तिसऱ्या वर्षी एकूण क्रेडिट पुरेशी असतात की प्रत्येक गटाची वेगळी भरावी लागतात?

प्रश्न : विद्यार्थिनी, मालवण

नमस्कार. मी मुंबईतील एका महाविद्यालयात गृहविज्ञान शाखेत ‘मानव विकास’ हा मुख्य विषय घेऊन पदवीचे शिक्षण घेत आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेतील आमची तुकडी असून माझी चार सत्रे पूर्ण झाली आहेत. प्रत्येक सत्राला २२ याप्रमाणे माझी ८८ क्रेडिट, म्हणजे उत्तीर्ण अभ्यासक्रमांचे श्रेयांक, व्हायला हवी होती. परंतु तिसऱ्या सत्रातील किशोरावस्थेवरचा चार क्रेडिटचा मुख्य पेपर लेखी परीक्षेत राहिला, त्यामुळे सध्या ८४ झाली आहेत. मधल्या काळात मी ‘स्वयम्’ या शासनाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरून पोषणशास्त्राचा चार क्रेडिटचा अभ्यासक्रम स्वतःहून पूर्ण केला आणि त्याची परीक्षाही उत्तीर्ण झाले. ही चार क्रेडिट धरली तर बेरीज ८८ होते. मग तो राहिलेला पेपर पुन्हा द्यावाच लागेल का?

दुसरी अडचण घरची आहे. आजी अंथरुणाला खिळलेली असल्याने पुढचे काही महिने मला शक्य तितके मालवणातच राहावे लागणार आहे. सहाव्या सत्रात आम्हाला कार्यप्रशिक्षण, म्हणजे ज्याला सगळे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ म्हणतात ते, चार क्रेडिटचे आहे. ते गावाजवळच्या अंगणवाडीत केले तर महाविद्यालय ग्राह्य धरील का, की मुंबईतील बालवाडीतच करावे लागते? वर्षभर शिक्षण थांबवले तर आतापर्यंतची क्रेडिट बुडतात का, आणि चौथे वर्ष करण्यात काही अर्थ आहे का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे. आमच्या वाडीत या शिक्षणाबद्दल विचारावे असे कोणी नाही. गृहविज्ञान म्हटले की पाककृती विचारल्या जातात.

उत्तर : वाणिज्य पदवीधर, चिपळूण

माझा विषय वेगळा होता, परंतु रचना सर्व शाखांना सारखीच आहे. तीन वर्षांच्या पदवीला १३२ क्रेडिट लागतात. ‘स्वयम्’ची क्रेडिट शासनानेच मान्य केलेली असून ती ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, जमा होतात. तेव्हा बेरीज भरत असेल तर राहिलेल्या पेपरची चिंता करण्याचे कारण मला दिसत नाही. त्या वेळात पुढच्या सत्राचा अभ्यास करावा.

उत्तर : निवृत्त प्राध्यापिका (गृहविज्ञान), रत्नागिरी

वरील उत्तर सद्भावनेने दिलेले असले तरी त्यावर विसंबून राहिल्यास सहाव्या सत्राच्या निकालाच्या वेळी गाडी अडेल, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. तुझ्या वयाच्या मुलींना आयुष्यभर शिकवले असल्याने एकेरीत लिहिते आहे, राग नसावा.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांची जी चौकट जाहीर केली, तिच्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी किमान १६० क्रेडिट सांगितली आहेत. महाराष्ट्र शासनाच्या एप्रिल २०२३ च्या निर्णयात हीच मर्यादा अनुक्रमे १२० ते १३२ आणि १६० ते १७६ अशी आहे, आणि सत्राला २२ क्रेडिट ठेवणाऱ्या संस्थांमध्ये ती १३२ व १७६ होते. मात्र ही झाली बेरीज. त्याच निर्णयात क्रेडिट गटांत वाटून दिली आहेत: मुख्य विषय, गौण विषय, खुले वैकल्पिक विषय, व्यावसायिक व इतर कौशल्ये, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, आणि क्षेत्रप्रकल्प, समुदाय सहभाग व कार्यप्रशिक्षण हा प्रत्यक्ष अनुभवाचा गट. परीक्षा विभाग निकाल लावताना प्रत्येक गटाचा रकाना स्वतंत्रपणे तपासतो. शिधापत्रिकेवर साखर जास्त उचलली म्हणून तांदळाचा वाटा भरला असे कोणी धरत नाही, तसेच हे आहे. किशोरावस्थेचा पेपर हा तुझा मुख्य विषय आहे; पोषणाचा अभ्यासक्रम फार तर खुल्या वैकल्पिक गटात बसेल, आणि तोही महाविद्यालयाने आधी मंजुरी दिली असेल तरच. ‘स्वयम्’ची क्रेडिट बँकेत जमा होणे ही एक गोष्ट आणि तुझ्या पदवीच्या हिशेबात ती धरली जाणे ही दुसरी, दुसरी गोष्ट महाविद्यालय व विद्यापीठ यांच्या हाती असते. तेव्हा राहिलेला पेपर पुढच्या पुरवणी परीक्षेत देऊन टाकावा. आधीच्या सत्रातील एखादा विषय राहिलेला असताना सहाव्या सत्राची परीक्षा चांगल्या गुणांनी दिली तरी अंतिम निकाल राखून ठेवला जातो, हे अनेक मुलींना उशिरा कळते आणि तोवर बी.एड.चे किंवा एम.एस्सी.चे प्रवेश होऊन गेलेले असतात.

आणखी एक बारकावा. लेखी आणि अंतर्गत मूल्यमापन यांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते की दोन्हींच्या बेरजेत, हे प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे असते. तू लेखीत राहिली आहेस असे लिहितेस, म्हणजे अंतर्गत गुण बहुधा शाबूत असतील आणि ते पुढे धरले जातील. पण परीक्षा अर्ज भरताना कार्यालयात गुणपत्रक दाखवून हे लेखी विचारून घ्यावे. आणि हजेरीची अट विसरू नये. मालवणात राहून पाचव्या सत्रातील प्रात्यक्षिकांना ७५ टक्के हजेरी कशी भरणार, हा तुझ्या प्रश्नांतला खरा अवघड प्रश्न आहे आणि तो तू विचारलेलाच नाहीस. आजारपणाची कागदपत्रे जोडून सवलतीचा अर्ज सत्राच्या सुरुवातीला केला तर विचार होतो. शेवटच्या आठवड्यात केलेल्या अर्जाला कोणी दाद देत नाही.

वर्षभर थांबण्याबद्दल. दोन वर्षांनंतर ८० ते ८८ क्रेडिट आणि त्याखेरीज चार क्रेडिटचे कौशल्याधारित काम पूर्ण करून पदविका घेऊन बाहेर पडता येते, तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकंदर सात वर्षांत पदवी पुरी करावी लागते. क्रेडिट बँकेतली क्रेडिटही जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. म्हणजे बुडत काहीच नाही. तरीही मी थांबण्याचा सल्ला देणार नाही. मानव विकासात तिसऱ्या वर्षीच विषयाला धार येते. पहिली दोन वर्षे पियाजे, एरिक्सन, वायगॉट्स्की या सिद्धांतकारांची नावे आणि विकासाच्या अवस्था पाठ करण्यात जातात. मूल, कुटुंब, शाळा, वस्ती आणि शासनाची धोरणे ही एकमेकांत गुंतलेली वर्तुळे आहेत हा ब्रॉन्फेनब्रेनर यांचा विचार अंगात भिनतो तो प्रत्यक्ष काम करतानाच.

मुलींची फसगत प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये होते, म्हणून त्याबद्दल दोन शब्द अधिक. निरीक्षणाच्या पानावर डाव्या बाजूला जे डोळ्यांनी दिसले तेवढेच आणि उजव्या बाजूला त्याचा अर्थ, अशी विभागणी करावी. डावीकडे ‘मूल हट्टी आहे’ असे लिहिले की ते पान बाद समजावे, कारण हट्ट दिसत नसतो. ‘सकाळी १०.१०, वय चार वर्षे दोन महिने, दाराच्या चौकटीला धरून उभा, आई वळणापलीकडे जाईपर्यंत रस्त्याकडे पाहत राहिला, सेविकेने चेंडू दिला तो घेतला पण खाली ठेवला, ११ मिनिटांनी शिंपल्यांच्या टोपलीपाशी स्वतः गेला’ हे निरीक्षण झाले. त्याचा संबंध बोल्बी यांच्या आसक्तीच्या, म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्या भावनिक बंधाच्या, सिद्धांताशी जोडायचा की आणखी कशाशी, ते उजवीकडे. पियाजे यांच्या प्रयोगाप्रमाणे त्याच मुलापुढे सारखे पाणी भरलेल्या दोन वाट्या ठेवून एकीतले पाणी उंच पेल्यात ओतावे आणि कशात जास्त आहे ते विचारावे. ते बहुधा पेल्याकडे बोट दाखवील. तेव्हा त्याला चूक सांगू नये, त्याने कारण काय दिले ते त्याच्याच शब्दांत, मालवणीत दिले असेल तर मालवणीत, लिहून घ्यावे. परीक्षक असे एक पान वाचूनच विद्यार्थिनीची पारख करतात.

आणि मानव विकास म्हणजे केवळ बालवाडी नव्हे. गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंतचा सगळा जीवनपट या विषयात येतो. मुलगे मुंबईला आणि घरात दोन म्हातारी माणसे, अशी घरे आपल्याकडे वाडीवाडीत आहेत. समुदाय सहभागाच्या क्रेडिटसाठी वृद्धांच्या दिनक्रमावर काम करायला कोकणाइतके चांगले क्षेत्र शोधून सापडणार नाही, तरी मुली तीच ती बालवाडी निवडतात. तुझ्या घरी आजी अंथरुणाला आहे. स्वतःच्या घरातील व्यक्तीचा अभ्यास करू नये असा दंडक आहे आणि तो योग्यच आहे, पण शेजारच्या दोन-तीन घरांची परवानगी मिळत असेल तर मार्गदर्शक शिक्षिकेला विचारून पाहा.

उत्तर : मुख्यसेविका, देवगड तालुका

मुख्यसेविका म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका; अंगणवाडीतील कार्यप्रशिक्षणाविषयी मी कामाच्या अनुभवावरून लिहिते. महाविद्यालयाची हरकत नसेल तर आमच्या बाजूने अडचण नसते, मात्र रीत पाळावी लागते. ओळखीच्या सेविकेकडे जाऊन परस्पर बसणे चालत नाही. महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे पत्र तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे आणावे, त्यात कालावधी, रोजचे तास आणि कामाचे स्वरूप स्पष्ट लिहिलेले असावे, आणि प्रकल्प कार्यालयाचे परवानगीपत्र हातात आल्यावरच पहिला दिवस धरावा. त्याआधी केलेले तास नोंदवहीत दाखवले तर त्यावर सही करणे आम्हाला शक्य नसते.

तासांचा हिशेब आधी करून ठेवावा. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे चार क्रेडिटला १२० तास. रोज चार तास मिळाले तर तीस कामाचे दिवस लागतात. हे कागदावर सोपे दिसते. सहावे सत्र साधारणपणे उन्हाळ्याच्या तोंडाशी येते आणि त्यातच शिमगा येतो. पालखी गावात फिरत असते त्या दिवसांत अंगणवाडी उघडी असली तरी मुले येत नाहीत, आणि मुले नसताना घातलेले तास तुमच्या विषयाच्या दृष्टीने रिकामे. म्हणून जानेवारीतच सुरुवात करावी. पाचव्या सत्रातला क्षेत्रप्रकल्प अंगणवाडीत करण्याचा विचार असेल तर तो जुलै-ऑगस्टमध्ये ठेवू नये. साकवावरून पाणी गेले की पलीकडच्या वाडीतली मुले येऊ शकत नाहीत, आणि त्यानंतर चतुर्थी आलीच.

काम काय मिळते, याबद्दलही गैरसमज असतात. केवळ गाणी आणि खेळ नसतात. मुलांची वजने आणि उंची घेऊन ती वयाच्या तुलनेत वाढीच्या तक्त्यावर पाहणे, पोषण ट्रॅकर या शासनाच्या मोबाईल अ‍ॅपवरील नोंदी, पूरक आहाराचे वाटप, लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविकेला मदत, गरोदर मातांच्या गृहभेटी हे सगळे त्यात येते. वजनकाटा सपाट जागेवर आहे ना, काटा शून्यावर आहे ना, मुलाच्या अंगावर जड कपडे किंवा पायात चपला नाहीत ना, एवढे जरी विद्यार्थिनीने काटेकोर पाहिले तरी सेविकेला तिचा आधार वाटतो. या कामांची नोंद तुमच्या अहवालात विकासाच्या भाषेत कशी मांडायची, ते प्राध्यापक बाई सांगतील. आमच्याकडून तुम्हाला तारीखवार हजेरी आणि कामाचा दाखला मिळेल. मुलांची खरी नावे आणि चेहरे ओळखू येतील अशी छायाचित्रे अहवालात घालू नयेत. अलीकडे मुली मोबाईल काढूनच वर्गात शिरतात, ते पालकांना आवडत नाही आणि आम्हालाही नाही.

नोकरीचा विचार असेल तर एक सांगते. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ पासून चालू आहे आणि तिच्यातील पर्यवेक्षणाच्या पदांसाठी तुमच्या विषयाचा थेट उपयोग होतो. परंतु जाहिरातीत पदवीचे विषय नावानिशी दिलेले असतात. कुठे गृहविज्ञान, कुठे बालविकास, कुठे समाजकार्य. तुमच्या पदवी प्रमाणपत्रावर आणि गुणपत्रकावर नेमके काय छापले जाणार आहे, ते शेवटच्या वर्षातच पाहून ठेवा. दोन्हींत फरक असेल तर मुख्य विषयाचा उल्लेख असलेला दाखला विद्यापीठाकडून त्याच वेळी मागून घेणे सोपे जाते. कागदपत्र तपासणीच्या तारखेला मुंबईला धाव घेणे सोपे जात नाही.

उत्तर : विशेष शिक्षिका, रत्नागिरी

चौथ्या वर्षाबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून माझे मत नोंदवते. मीही मानव विकासाचीच पदवीधर आहे, जुन्या रचनेतली.

ऑनर्सचे चौथे वर्ष दोन प्रकारचे असते. त्यातील संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे आणि १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. चार वर्षे पूर्ण केली की पदव्युत्तर पदवी एका वर्षात होते, तीन वर्षांनंतर गेल्यास दोन वर्षे लागतात. म्हणजे एकूण वर्षे सारखीच. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की ते चौथे वर्ष मुंबईत राहण्याचा खर्च घराला झेपतो का आणि पुढे एम.एस्सी. करायचीच आहे का. प्राध्यापक व्हायचे असेल, संशोधन करायचे असेल, तर जरूर करावे. मुलांसोबत काम करायचे असेल, तर मी तीन वर्षांची पदवी घेऊन विशेष शिक्षणातील बी.एड. करण्याचा आग्रह धरीन. त्यासाठी पदवीला साधारण ५० टक्के गुण लागतात आणि अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच निवडावा लागतो, कारण त्या परिषदेच्या नोंदणीशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. येथे अनेकींचा गोंधळ होतो: मानव विकासाची पदवी घेतली म्हणजे आपण मानसोपचार किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्राकडे वळू शकतो असे त्यांना वाटते. तो मार्ग मानसशास्त्राच्या पदव्यांमधून जातो. समुपदेशनाकडे जाता येते, पण त्यालाही पदव्युत्तर शिक्षण हवेच.

निवृत्त प्राध्यापिका बाईंनी विदेशी सिद्धांतकारांची नावे घेतली, त्यांत मी एक भर घालते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे त्यांचे आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांचे काम डहाणू तालुक्यातच कोसबाडच्या टेकडीवर बहरले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात न्यावी, हा विचार त्यांनी आपल्याच किनारपट्टीच्या उत्तर टोकाला प्रत्यक्षात आणला. अंगणवाडीत कार्यप्रशिक्षण करणाऱ्या मुलीने हा इतिहास अहवालाच्या प्रस्तावनेत दोन परिच्छेदांत मांडला नाही तर तो अहवाल मला अपुरा वाटतो. तोंडी परीक्षेत पियाजे यांच्या चार अवस्था घडाघडा सांगणाऱ्या मुली कोसबाडचे नाव काढल्यावर गप्प होतात.

प्रतिसाद : विद्यार्थिनी, मालवण

आपणा सर्वांची मी आभारी आहे. राहिलेला पेपर पुरवणी परीक्षेत देण्याचे ठरवले आहे आणि हजेरीच्या सवलतीचा अर्ज या आठवड्यात पाठवत आहे. दोन शंका उरल्या आहेत. ‘स्वयम्’चा पोषणाचा अभ्यासक्रम मंजुरीशिवाय केला असल्याने तो पूर्ण वाया गेला असे समजावे का? आणि कार्यप्रशिक्षणाचे निम्मे तास अंगणवाडीत व निम्मे एखाद्या वृद्धाश्रमात, असे विभागता येते का?

उत्तर : निवृत्त प्राध्यापिका (गृहविज्ञान), रत्नागिरी

पाचव्या किंवा सहाव्या सत्रात खुल्या वैकल्पिक गटाची क्रेडिट शिल्लक असतील तर प्रमाणपत्र जोडून समकक्षतेचा अर्ज करून पाहा. मंजूर होईलच असे नाही, आणि नाही झाला तरी प्रमाणपत्र स्वतंत्रपणे उपयोगी पडते. तास विभागण्याबाबत माझे मत प्रतिकूल आहे. साठ तासांत अंगणवाडीतील मुले तुला ओळखू लागतात न लागतात तोच तू निघून जाशील. कार्यप्रशिक्षण एकाच ठिकाणी करावे आणि वृद्धांविषयीचे काम समुदाय सहभागात घ्यावे. दोन्ही गटांची क्रेडिट वेगळी असल्याने त्यात काही अडतही नाही.

उत्तर : मुख्यसेविका, देवगड तालुका

बाईंशी सहमत आहे. प्राचार्यांच्या पत्राच्या दोन प्रती आणाव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊन ती पोच स्वतःजवळ ठेवावी. पत्र डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दिले तर जानेवारीत सुरुवात करता येईल. आणि तुमच्या वाडीतलीच अंगणवाडी न मागता शेजारच्या गावातली मागावी, कारण नात्यागोत्यातली मुले असली की निरीक्षण बाजूला राहते.